जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही? वरचं कव्हर खोलायच्या आधी हे बघा

लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार ऑइलच्या दाबावर उचलणारे हात, बसली की गावात पहिला सल्ला ठरलेला असतो, पंप गेला, सीटखालचं वरचं कव्हर खोलावं लागणार. कव्हर खोललं की गाडी उभी, ऑइल नवीन, पॅकिंग नवीन, मजुरी वेगळी, आणि एवढं सगळं करून कधीकधी दोष निघतो एका ओ रिंगचा, म्हणजे ऑइल गळू न देणाऱ्या गोल रबरी कडीचा, जी कव्हर न खोलता बदलता आली असती. लिफ्ट बिघडलीये एवढं सांगून काही होत नाही, ती कशी बिघडलीये ते बघायचं. अजिबात उचलत नाही, रिकामी उचलते पण रोटर लावला की नाही, उचलते पण धरून ठेवत नाही, या तिन्ही वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हीचे दोष बहुतेक वेळा वेगळ्या ठिकाणी असतात. ज्यांनी नुकताच जुना ट्रॅक्टर घेतलाय किंवा वाटणीत वाट्याला आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उदाहरण मॅसी फर्ग्युसन १०३५ चं घेतो कारण आपल्याकडे अजून ढिगाने चालतात. पंप बाहेर लावलेल्या गाड्यांचं, म्हणजे स्वराज, महिंद्रा वगैरेंचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

आधी आत काय आहे ते थोडक्यात. मॅसीत पंप बाहेरून दिसतच नाही, तो गाडीच्या पोटात ऑइलमध्ये बुडालेला असतो. गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक सगळ्यांना ऑइल एकच. ही रचना मुळात हॅरी फर्ग्युसनची, १९४६ ला आलेल्या टीई २० ट्रॅक्टरमध्येही पंप असाच पोटात होता. पंपाला चार पिस्टन, आणि त्याला फिरवतो पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनच्या ताकदीवर मागची अवजारं फिरवणारा दांडा. पंपातून एक उभा पाइप वर सीटखालच्या सिलिंडरला जातो, ऑइलच्या दाबाने सिलिंडरमधला पिस्टन सरकतो, तो आडवा शाफ्ट फिरवतो आणि लिफ्टचे हात वर येतात. कंट्रोल व्हॉल्व पंपातच बसवलेला आहे. तुम्ही लिव्हर वर केली की व्हॉल्व ऑइल आत ओढायची वाट उघडतो, खाली केली की सिलिंडरमधलं ऑइल परत सोडायची, आणि मधे असला की दोन्ही वाटा बंद, म्हणजे सिलिंडरमधलं ऑइल कोंडलेलं राहतं. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे दोष ओळखताना तीच कामाला येते.

सुरुवात करायच्या आधी

गाडी सपाट जागेवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. उचललेल्या अवजाराखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही, खाली ओंडके लावले असतील तरच जवळ जायचं, आणि नुसता जॅक म्हणजे ओंडका नाही. पीटीओचा शाफ्ट फिरत असताना मागे उपरणं, लुंगी, सैल शर्ट घालून कोणी उभं राहू नये. अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. दाबातल्या पाइपला बारीक छिद्र पडलं असेल तर ते बोटाने चाचपू नका, ऑइलची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. आणि धार लागलीच तर हळद लावून बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि हायड्रोलिकचं ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

पहिली पायरी : फुकटातल्या गोष्टी

डिपस्टिक काढा. मॅसीत ती उजव्या बाजूच्या प्लेटवर असते. ऑइल खुणेच्या खाली असेल तर बाकी काही बघू नका, आधी ऑइल टाका आणि मग लिफ्ट चालवून बघा. ऑइल गेलं कुठे हा पुढचा प्रश्न. खाली सांडलेलं दिसत नसेल तर डंपिंग ट्रॉली आठवा. ट्रॉलीचा जॅक भरायला बरंच ऑइल लागतं, आणि ट्रॉली पूर्ण खाली न बसवता पाइप काढला तर तुमचं ऑइल ट्रॉलीबरोबर दुसऱ्याच्या गोठ्यात जातं. उलटंही होतं, म्हणजे त्या ट्रॉलीतलं दुसऱ्या कुणाचं तरी काळं, कचरा असलेलं ऑइल तुमच्या गाडीच्या पोटात येतं. एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरला फिरते त्या गावात लिफ्टचे दोष जास्त का, याचं एक कारण हेच आहे असं माझं मत.

ऑइलचा रंग बघा. चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात गाडी उघड्यावर राहिली आणि गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की पाणी तिथून आत उतरतं, धुताना जोरात फवारा मारला तरी जातं. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी इंजिन चालू न करता खालचा ड्रेन बोल्ट अगदी हळू ढिला करा, पाणी तळाशी बसलेलं असतं ते आधी येतं. पण एकदा दुधाळ झालेलं ऑइल नुसतं तेवढं पाणी काढून सुधरत नाही, बदलावंच लागतं. आणि बदलताना इंजिनचं काढलेलं काळं ऑइल हायड्रोलिकला टाकायची जी पद्धत काही ठिकाणी आहे ना, ती म्हणजे पंपाला स्वतःच्या हाताने विष. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच घ्या.

मग पीटीओची लिव्हर. नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जुन्या मॅसीत पंप पीटीओवर चालतो, लिव्हर इंजिनच्या बाजूला टाकलेली नसेल तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट मेल्यासारखी पडून राहते. एखादं पोरगं खेळता खेळता ती लिव्हर मधे करून जातं आणि घरचे मेकॅनिकला फोन लावतात. तसंच सिंगल क्लचच्या गाडीत क्लच दाबलेला असताना लिफ्ट उचलणार नाही, डबल क्लच असेल तर अर्धा दाबला की गिअर सुटतो आणि पूर्ण दाबला की पीटीओ आणि लिफ्ट पण थांबते. हा बिघाड नाही, गाडी तशीच बनवलीये.

नंतर सीटजवळच्या दोन लिव्हर. एक पोझिशनची, एक ड्राफ्टची, बाकी गाड्यांत लोक पीसी आणि डीसी म्हणतात. पोझिशन म्हणजे लिव्हर जिथे ठेवाल तिथे अवजार थांबणार, रोटर, पेरणी यंत्र यांना ही. ड्राफ्ट म्हणजे जमीन कडक लागली की नांगर आपोआप थोडा वर येणार, टॉप लिंकवर, म्हणजे अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्यावर, येणारा जोर मागच्या स्प्रिंगला कळतो आणि ती व्हॉल्व हलवते. एक वापरताना दुसरी कुठे ठेवायची याच्या खुणा पट्टीवर असतात, पुसल्या असतील तर पुस्तकात बघा. दुसरी लिव्हर भलत्याच जागी राहिली की लिफ्ट अर्ध्यात थांबते किंवा खालीच येत नाही, आणि माणूस पंपाला शिव्या घालत बसतो.

ट्रॉलीच्या लाइनला मधे कॉक असेल तर तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. लिव्हरपासून आत जाणारे दांडे, पिना, स्प्लिट पिना जागेवर आहेत का ते पण बघून घ्या, तारेने बांधलेलं असेल तर तिथेच थांबा आणि आधी ते नीट करा.

दुसरी पायरी : तक्रार नेमकी कुठली

ऑइल बरोबर, लिव्हर बरोबर, तरी लिफ्ट नीट नाही. आता अवजार लावा, ज्याने त्रास होतो तेच लावा, आणि बघा.

रिकामी उचलते पण वजन नाही. आधी वजनाचाच हिशोब करा. १०३५ ची उचलायची ताकद ११०० किलो सांगतात, पण ती खालच्या दोन लिंकच्या गोळ्यांपाशी मोजलेली. अवजाराचा भार त्या गोळ्यांच्या मागे जितका लांब जाईल तितकी ही ताकद कमी होत जाते. म्हणून लांब पलटी नांगर ७०० किलोचा असला तरी तो गाडीला ७०० वाटत नाही, जास्त वाटतो. जड अवजाराला लिफ्टमधून शिट्टीसारखा किंवा किंचाळल्यासारखा आवाज येऊन ती थांबत असेल तर रिलीफ व्हॉल्व (दाब फार वाढला की ऑइल सोडून देणारा) सुटतोय, म्हणजे पंप दाब तयार करतोय आणि वजन जास्त आहे किंवा रिलीफचा स्प्रिंग म्हातारा झालाय. स्प्रिंगखाली वायसर टाकून दाब वाढवणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका, सिलिंडर तडकतो.

वजन ठीक आहे तरी उचलत नाही, तर एक सोपी परीक्षा. लांबून, बाजूला उभं राहून, लिफ्ट उचलताना मागचा पीटीओ शाफ्ट बघा. भार आला की शाफ्ट मंदावतो किंवा थांबतो आणि इंजिन मात्र जोरात चालूच आहे, असं असेल तर दोष हायड्रोलिकचा नाहीच, क्लच स्लिप होतोय. ही परीक्षा न करता पंप बदललेली गाडी मी बघितलीये, नवीन पंपाने पण ती तशीच उचलत नव्हती, कशी उचलणार.

सकाळी उचलते, दुपारी नाही. जुन्या गाडीची ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. ऑइल तापलं की पातळ होतं आणि आत जिथे कुठे झीज झालीये तिथून निसटतं. ओ रिंग, सिलिंडरच्या पिस्टनची रिंग किंवा पंप, तिघांपैकी कुठलंही असू शकतं, म्हणजे आत गळती आहे एवढं नक्की झालं, कुठे आहे ते पुढच्या पायरीत. जाड ऑइल टाकून एक हंगाम ढकलता येतो, पण त्याच ऑइलवर गिअर पण चालतात आणि थंडीत सकाळी पंपाला ते ओढवत नाही, म्हणून मी तरी हे करत नाही.

वर जाताना हिसके देते, म्हणजे सलग न जाता पायऱ्या चढल्यासारखी थांबत थांबत जाते. मॅसीत हे बहुतेक पंपाचं लक्षण, चारपैकी एखादा पिस्टन काम करत नाहीये किंवा त्याचा छोटा व्हॉल्व नीट बसत नाहीये, किंवा पंपाची जाळी तुंबलीये आणि पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाहीये. बाहेर गिअर पंप असलेल्या गाडीत मात्र आधी सक्शनचा पाइप बघायचा. त्याचा क्लिप ढिला असेल, रबर तडकलं असेल, तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, पंप कर्कश ओरडतो आणि लिफ्ट धडधडत वर जाते. गंमत म्हणजे तिथून ऑइल बाहेर गळतच असेल असं नाही कारण तो पाइप ओढणारा आहे, ढकलणारा नाही. क्लिप आवळून किंवा पाइप बदलून काम होतं.

वर नेऊन ठेवली की डुलते, म्हणजे थोडी खाली, परत वर, थोडी खाली, परत वर. याला पंप गेला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर सांगितलं ना की मधल्या जागेत ऑइल कोंडलेलं असतं, ते कुठून तरी निसटतंय म्हणून हात खाली येतात, हात खाली आले की आतला दांडा व्हॉल्व उघडतो आणि पंप परत भरून काढतो. म्हणजे पंप बिचारा चांगला आहे, गळती त्याच्या पुढे आहे. खात्री करायची असेल तर अवजार उचला, इंजिन बंद करा, लिव्हरला हात लावू नका. चांगल्या लिफ्टने अवजार बराच वेळ धरून ठेवलं पाहिजे, जुन्या गाडीत हळूहळू खाली आलं तर चालवून घ्यायचं, पण बंद केल्या केल्या धाडकन बसलं तर गळती मोठी आहे. फक्त नांगरताना डुलत असेल आणि उभ्या गाडीत नाही, तर मागे टॉप लिंक जिथे बसते तो भाग हाताने पुढे मागे हलवून बघा. तिथे खुळखुळ असेल तर ड्राफ्टची स्प्रिंग ढिली आहे, ती आवळून बसवली की बऱ्याचदा संपलं.

खालीच येत नाही. आधी रिकामे हात आहेत का अवजार लावलंय ते बघा, पुष्कळ गाड्यांत रिकामे हात स्वतःच्या वजनाने पटकन उतरत नाहीत, त्यात दोष काही नाही. मग उतरायचा वेग कमी जास्त करायचा नॉब असेल तर तो कोणी पूर्ण बंद केलाय का, आडव्या शाफ्टचे बुश कोरडे पडून जाम झालेत का. गाडी सहा महिने उभी होती आणि ऑइलमध्ये पाणी होतं, असं असेल तर कंट्रोल व्हॉल्व गंजून चिकटलाय, हातोडीने काही होणार नाही.

तिसरी पायरी : बाजूची प्लेट

मॅसीवाल्यांना हे मोठं सुख आहे. ऑइल उजव्या प्लेटच्या खाली जाईल इतकं स्वच्छ डब्यात काढा, चांगलं असेल तर परत वापरता येतं. प्लेटच्या भोवतीची माती आधी डिझेलने धुवा, नाहीतर ती सगळी आत जाणार. प्लेट काढताना तिला आतून जोडलेलं काही असेल तर ते कसं बसलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग जोडीदाराला सीटवर बसवून इंजिन एकदम कमी रेसवर चालू करा, अवजार उचला आणि इंजिन बंद करा. इंजिन चालू असताना त्या खिडकीत हात किंवा तोंड घालायचं नाही, आत शाफ्ट फिरतो. बंद झाल्यावर बॅटरी मारून बघा, अवजार खाली येता येता ऑइल कुठून ठिबकतंय.

उभ्या पाइपच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला ठिबकत असेल तर नशीबवान आहात. पाइपचं वरचं झाकण खोलून पाइप वर ओढून काढता येतो, ओ रिंगा बदलायच्या, ऑइल लावून परत बसवायचं, मोठं कव्हर उघडायची गरज नाही. रिंग दुकानातून मापाने आणि हायड्रोलिकचीच मागा, पाण्याच्या नळाची किंवा सीलंटचा लेप लावून जुनीच, असले प्रयोग नको. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून, जिथून पिस्टनचा दांडा बाहेर येतो तिथून ओघळत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, कव्हर काढावं लागेल. सिलिंडरच्या अंगावरून ओलं दिसत असेल तर तडा गेलाय का बघा. आणि वर सगळं कोरडं असून खाली पंपाच्या व्हॉल्वमधूनच ऑइल परत येत असेल तर पंप आणि व्हॉल्वचं काम, ते घरी करायचं नाही, त्याचे भाग इतके बारीक बसवलेले असतात की केसाएवढा कचरा गेला तरी पुन्हा तेच.

बाहेर पंप असलेल्या गाडीत ही खिडकी नसेल, पण तिथे ट्रॉलीची लाइन कामाला येते. कॉक ट्रॉलीकडे फिरवून लिफ्टची वाट बंद होत असेल आणि भरलेली ट्रॉली मस्त उचलली जात असेल, तर पंप आणि रिलीफ चांगले, दोष लिफ्टच्या सिलिंडरकडे. ट्रॉली पण उचलत नसेल तर पंप, जाळी, सक्शन इकडे बघा. मेकॅनिककडे प्रेशर गेज असेल तर त्याच लाइनला लावायला सांगा आणि आकडा पुस्तकाशी ताडून बघा. गेज न लावता पंपच गेलाय म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की दाब किती येतोय.

कव्हर खोलायचंच ठरलं तर

ते कव्हर सिलिंडरसकट खूप जड असतं, दोघांनी हाताने उचलायच्या भानगडीत पडू नका, चेन ब्लॉक लावा. मॅसीत तो उभा पाइप आधी काढून घ्या मग कव्हर उचला, विसरलात तर पाइप वाकतो. एकदा उघडलंच आहे तर पिस्टनच्या रिंगा, पाइपच्या ओ रिंगा, पॅकिंग सगळं एकदमच बदला, एक रिंग वाचवून परत कव्हर उचलण्यात काही राम नाही. पोटाच्या तळाशी चुंबक फिरवा, लोखंडाचा चुरा किंवा तुकडे निघाले तर लिफ्ट राहू द्या, गिअरकडे बघायची वेळ आलीये. जाळी रॉकेल किंवा डिझेलने धुवून वाळवून बसवा, आत चिंधीचे धागे राहू देऊ नका, तुंबायला तेवढे पुरतात. परत बसवताना आतले दांडे व्हॉल्वच्या लिव्हरला बरोबर भिडलेत का ते बाजूच्या खिडकीतून बघूनच बोल्ट आवळा, इथे चूक झाली की लिफ्ट एक तर सतत वर राहते किंवा सतत खाली.

ऑइल भरून झालं की लगेच जड अवजार लावू नका. रिकामे हात पाच-सात वेळा वर खाली करा, हवा निघून जाईल, मग डिपस्टिक परत बघा कारण ऑइल थोडं उतरतं. मग मोगडा लावा, आणि गाडी तासभर चालवून गरम झाल्यावर इंजिन बंद करून धरून ठेवते का ते बघा, थंड गाडीवर घेतलेली परीक्षा धरायची नाही. काढलेलं जुनं ऑइल विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला ओतू नका, भंगारवाले घेतात.

सेकंडहँड ट्रॅक्टर बघायला जाणार असाल तर हीच परीक्षा तिथे करा. मालक गाडी आधीच सुरू करून रिकामे हात वर खाली करून दाखवतो, ते बघून मान डोलवू नका. त्याच्याच गोठ्यातला रोटर लावायला सांगा, गाडी गरम होऊ द्या, उचलून बंद करा आणि चहा पिऊन या. चहा होईपर्यंत रोटर जमिनीला टेकला असेल तर रिंगा, पॅकिंग, ऑइल आणि मजुरी एवढं धरून किंमत खाली बोला.